कर्नाटक दूध महासंघ
कर्नाटकातील जिल्हा दूध उत्पादक संघांची शिखर सहकारी संस्था. मुख्यालय बेंगळुरू. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1974 मध्ये कर्नाटक दुग्धविकास महामंडळ स्थापन झाले. 1984 मध्ये त्याचे महासंघात रूपांतर झाले. दूध, दही, तूप ‘नंदिनी’ या नावाने विकले जाते.

रचना गुजरातमधील आणंदच्या दूध सहकारी संस्थांच्या धर्तीवर त्रिस्तरीय आहे: गावची संस्था, जिल्हा संघ, महासंघ. सीमाभागातील बेळगावचा संघही यात येतो. गावात सकाळ-संध्याकाळ दूध संकलित होते आणि फॅट (स्निग्धांश) व एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ) पाहून दर ठरतो. बेंगळुरूभोवतीच्या कोरडवाहू, नाचणीच्या पट्ट्यात या व्यवस्थेचे मोल विशेष. एक-दोन संकरित गाई असलेल्या कुटुंबाला पाऊस चुकला तरी नियमित रोख पैसा मिळतो. राज्य सरकार लिटरमागे प्रोत्साहन अनुदानही देते. अनेक गावांत केवळ महिलांच्या संस्था आहेत. गोठ्यातील बहुतेक काम त्यांच्याच हातून होत असल्याने हे न्याय्यच म्हटले पाहिजे.

पोषणाच्या दृष्टीने राज्य सरकारची ‘क्षीर भाग्य’ ही योजना सर्वांत महत्त्वाची. 1 ऑगस्ट 2013 पासून अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांना दूधभुकटीपासून केलेले 150 मिलि. दूध दिले जाऊ लागले. आरंभी आठवड्यातून तीन दिवस, पुढे पाच. महासंघाकडील जादा दुधाची भुकटी अशी खपल्याने उत्पादकालाही हमखास ग्राहक मिळाला. योजनेचे खरे यश या दुहेरी लाभात आहे. पशुखाद्य व चाऱ्याचा वाढता खर्च मात्र लहान उत्पादकाची मिळकत अजूनही कुरतडतो.