'यंत्रमानव' आणि वेठ : मराठी भविष्यचिंतनाचा एक मागोवा

कारेल चापेक या चेक नाटककाराचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि 'रोबो' हा शब्द जगभरच्या भाषांत दाखल झाला. तो सुचवला होता कारेलचा चित्रकार भाऊ योसेफ याने. शब्द बनला आहे चेक भाषेतील 'रोबोता'वरून. रोबोता म्हणजे कुळाने धन्याच्या जमिनीवर सक्तीने करायची मेहनत. आपल्याकडचा नेमका शब्द 'वेठ'. मराठीने मात्र पर्याय घडवताना वेठ बाजूला ठेवली आणि 'यंत्रमानव' असा सुबक सामासिक शब्द रूढ केला. मूळ शब्दातले श्रम त्यातून गळाले आणि मूळ शब्दात नसलेला मानव त्यात आला.

शब्दाच्या या घडणीला आम्ही कारण म्हणत नाही, लक्षण म्हणतो. यंत्र माणसासारखे होईल काय आणि माणूस माणूसपणाच्या पलीकडे जाईल काय, हे प्रश्न मराठी लेखकांनी मोठ्या कुतूहलाने हाताळले. त्या भविष्यात वेठीस कोण धरला जाईल, हा प्रश्न मात्र बहुधा दुसऱ्या कप्प्यात, 'कामगार साहित्य' या नावाखाली, पडून राहिला. या दोन कप्प्यांमधली भिंत कशी उभी राहिली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

युरोपात भविष्यवादाचा जन्म गर्जनेने झाला. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या 'ल फिगारो' या दैनिकात इटालियन कवी मारिनेत्ती याचा जाहीरनामा छापून आला. वेग हेच नवे सौंदर्य, युद्ध हीच जगाची शुद्धी, ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये उद्ध्वस्त करा, असा त्याचा आवेश होता. त्याच सुमारास लिहिलेल्या 'माफार्का' या त्याच्या कादंबरीत नायक स्त्रीच्या सहभागाविना एक पंखधारी पुत्र घडवतो. देहाच्या मर्यादा ओलांडू पाहणाऱ्या आजच्या विचारांचे बीज तेथे स्पष्ट दिसते. पुढे ही चळवळ फॅसिझमच्या वळचणीला गेली, हेही विसरून चालणार नाही.

मराठीत असा जाहीरनामा कोणी काढला नाही. आपला भविष्यवाद जन्मला तो नांगराच्या कारखान्यात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसल्याचे आढळले, आणि ते यंत्रांच्या रेखांकनाकडे वळले. चित्रकाराचा यांत्रिक झाला तो असा, देहातल्या एका उणिवेपायी. बेळगावला सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी मानत; म्हणून पहिले नांगर विकले जायलाच फार दिवस लागले. १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकालगतच्या माळावर कारखाना हलला आणि किर्लोस्करवाडी वसली.

चापेकचे नाटक ज्या वर्षी आले त्याच १९२० साली, या वाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते आणि व्यंगचित्रेही काढत. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पाहता पाहता मराठी मध्यमवर्गाचे वैचारिक व्यासपीठ झाले. पुढे 'किर्लोस्कर' या नावाने त्याने विज्ञाननिष्ठा, उद्योग आणि समाजसुधारणा यांचा पुरस्कार केला. यंत्र, चित्र आणि भविष्य यांची अशी गाठ मराठीत दुसरीकडे क्वचितच पडली असेल. शंकररावांनी लिहिलेल्या लक्ष्मणरावांच्या चरित्राचे नाव 'यांत्रिकाची यात्रा' आहे. मारिनेत्तीला यंत्रात युद्ध दिसले. येथे यंत्राला वारीचा शब्द लाभला. हा फरक लहान नाही. मात्र यात्रेच्या या कल्पनेत एक गृहीत दडलेले आहे : मुक्काम सर्वांचा एकच, आणि वाटेत कोणी मागे राहत नाही.

या गृहीताला पहिला तडा दिला तो मर्ढेकरांनी. 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली आला तेव्हा दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. महानगरातला माणूस सुट्या भागासारखा बदलता येतो, त्याचे जगणेही ठरावीक फेऱ्यांनी चालते, ही जाणीव मर्ढेकरांनी मराठी कवितेच्या भाषेतच रुजवली. भक्तिपरंपरेची लय आणि कारखान्याचे शब्द त्यांनी एकाच ओळीत बसवले. युरोपीय भविष्यवाद्यांना माणूस यंत्र व्हावा असे वाटत होते. मर्ढेकरांना तो झालेला दिसला आणि त्याची भीती वाटली. तरीही त्यांचा माणूस बहुशः गर्दीतला, नाव नसलेला आहे. यंत्रासमोर उभा असलेला, पगाराची वाट पाहणारा, संप करणारा माणूस स्वतःच्या आवाजात बोलू लागला तो नारायण सुर्वे यांच्या कवितेत. त्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ सालचे. वेठ मराठी कवितेत आली ती येथे. पण तिला आपण भविष्यचिंतन म्हटले नाही, वर्गजाणीव म्हटले.

त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. मराठी विज्ञानकथेचा उगम अर्थात त्याहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत आणली होती आणि श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा १९११ सालची मानली जाते. तथापि विज्ञानकथेला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली ती १९७४नंतर. परिषदेच्या कथास्पर्धेत त्या वर्षी नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी फिरवलेली, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर मंगलाताईंनी उतरवलेला. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली. तेथून २०२१ सालच्या नाशिक संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड होईपर्यंतचा प्रवास म्हणजे विज्ञानकथा दारातून माजघरात येण्याचा प्रवास होय. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांच्या कथांकडे आता आठवणींच्या पलीकडे जाऊन, चिकित्सेने पाहायला हवे.

त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचेच उदाहरण घेऊ. पूर्वी होऊन गेलेल्या एका प्रगत संस्कृतीचा ठेवा शास्त्रज्ञांच्या हाती लागतो, त्यातील ज्ञानावरून वामन नावाचा यंत्रमानव घडतो, आणि त्याला स्वतःसारखाच दुसरा घडवण्याची विद्या हवी असते. लहानशी वाटणारी मागणी त्रैलोक्य व्यापते, हा पुराणकथेचा धागा लेखकाने कौशल्याने वापरला आहे. पण महाराष्ट्रात वामनाची कथा एकाच बाजूने सांगितली जात नाही. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) ती बळीच्या बाजूने वाचली, आणि बळीचे राज्य यावे असे आपल्या खेड्यापाड्यांतल्या बाया दिवाळीत आजही म्हणतात. कादंबरी विचारते : वामनाने तिसरे पाऊल उचलले तर मानवजातीचे काय होईल? फुल्यांचा वाचक विचारेल : ते पाऊल पडते कोणाच्या डोक्यावर? 'मानवजात' हा एकवचनी शब्द या दुसऱ्या प्रश्नाला झाकून टाकतो.

ट्रान्सह्युमॅनिझम हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात त्या अर्थाने तो प्रचलित केला जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली यांनी, १९५७ सालच्या एका निबंधात. माणसाने स्वतःच्या उत्क्रांतीची सूत्रे हाती घ्यावीत, असा त्याचा आशय. दीर्घायुष्य, अवयवांची पुनर्घडण, मेंदूचे स्थलांतर ही त्याची पुढची स्वप्ने. मराठी विज्ञानकथेत लक्ष्मण लोंढे यांच्या 'दुसरा आइन्स्टाईन' या कथेने मेंदू एकाचा आणि देह दुसऱ्याचा, ही कल्पना ऐरणीवर आणली. मराठी वाचकाला अशी कल्पना परकी वाटली नाही, कारण परकायाप्रवेश आणि चिरंजीव हे शब्द त्याच्याकडे आधीच होते. त्या शब्दांबरोबर एक सावधपणाही होता. आपला अश्वत्थामा अमर आहे, पण जखमेला तेल मागत हिंडतो. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाने ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडले, तेव्हा इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असा शेरा लहानग्या मुक्ताबाईने मारल्याची आख्यायिका आहे. आयुष्य वाढणे आणि माणूस वाढणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

मात्र येथेही एक प्रश्न उरतोच. चांगदेव चौदाशे वर्षे तप करत होता, तेव्हा त्याचे शेत कोण कसत होते? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. मराठी विज्ञानकथेच्या बहराचा काळ तोच आहे. एकाच शहरात, एकाच भाषेत, एकीकडे यंत्रमानव जन्मत होता आणि दुसरीकडे यंत्रावरचा मानव कायमचा घरी जात होता. आमच्या वाचनात तरी या दोन घटना एका कथेत फारशा भेटत नाहीत. भोपाळच्या १९८४च्या वायुकांडावर आधारलेली सुबोध जावडेकर यांची 'आकांत' ही कादंबरी अशा मोजक्या अपवादांपैकी एक. तंत्रज्ञान कोणाच्या फुप्फुसांवर उभे असते, हे तेथे आडपडदा न ठेवता येते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. हे टिपण आम्ही लिहीत आहोत ते भाईंदरच्या पश्चिमेला, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या धारावी बेटावरील डोंगरी या गावी. मुंबईतली डोंगरी वेगळी. ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी, आगरी अशी इकडची जुनी वस्ती. दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो ९ मार्गाची कारशेड आधी राई, मुर्धे, मोर्वा या गावांच्या बाजूला व्हायची होती. तेथे विरोध झाला आणि जागा म्हणून डोंगरीचे नाव पुढे आले. २०२५ साली बारा हजारांहून अधिक झाडांच्या तोडीचा प्रश्न निघाला आणि ग्रामस्थ व पर्यावरणप्रेमी रस्त्यावर उतरले. ज्या मेट्रो ७ ला हा मार्ग जोडलेला आहे, तिच्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशा क्षमतेच्या बनवलेल्या आहेत. म्हणजे विज्ञानकथेतले यंत्र गावाच्या वेशीपर्यंत आले, आणि आल्यावर त्याने पहिली मागणी केली ती जागेची. भाईंदरच्या लोकलला रोज लोंबकळणाऱ्या माणसाला मेट्रो हवीच आहे, आणि त्याची गरज खोटी नाही. पण त्याचा वाचलेला अर्धा तास आणि गावाची टेकडी एकाच वहीत मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. त्या वहीला साहित्य म्हणतात, अशी आमची समजूत आहे.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर मराठीतही भरपूर लिहिले जाते. संगणक कविता करील काय, याचीच चर्चा त्यात अधिक असते. त्या संगणकाला शिकवण्यासाठी हजारो चित्रांवर आणि वाक्यांवर तुटपुंज्या मोबदल्यात खुणा करीत बसलेले हात त्या चर्चेत सहसा नसतात. चापेकच्या भावाने शंभर वर्षांपूर्वी सुचवलेला शब्द त्या हातांना अजूनही चपखल बसतो.

एम. ए.च्या वर्गात सुर्वे एका प्रश्नपत्रिकेत आणि नारळीकर दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत असतात. ते एकत्र शिकवून पाहावेत, एवढीच आमची अध्यापक मित्रांना सूचना आहे. 'माझे विद्यापीठ' आणि 'वामन परत न आला' ही पुस्तके एका बाकावर शेजारी ठेवली, तर दोन्हींचा अर्थ बदलतो : पहिल्यातला कामगार भविष्याविषयी बोलू लागतो आणि दुसऱ्यातला यंत्रमानव कोणाच्या जागी उभा आहे, हे दिसू लागते.