दीर्घ दुखणी आणि आमचा वऱ्हाड

वाशीमच्या पद्मतीर्थाची आख्यायिका आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेली असेल. वासुकी नावाचा राजा कुष्ठाने पीडलेला होता. गावाबाहेरच्या डोहात स्नान करताच तो बरा झाला आणि त्याने त्या डोहाचे मोठे तीर्थ केले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरकारांनीही ही कथा नोंदवून ठेवली आहे. तिच्यात इतिहास किती, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. परंतु तिच्यातली अपेक्षा अजून आमच्या मनातून गेलेली नाही: रोग यावा, एकदाच उपाय व्हावा आणि माणूस मोकळा व्हावा. दीर्घ दुखण्याचा स्वभाव नेमका याच्या उलट, आणि तो ओळखायला फार काळ जावा लागला.

सरकारचे पहिले उत्तर कोंडण्याचे होते. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यास पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा दिली. केंद्राच्या कायदेपुस्तकातून तो पुरता पुसला जायला २०१६ साल उजाडले! दुसरे उत्तर माणसांनी दिले. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीस तपोवनात आणि बाबा आमटे यांनी १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवनात रोग्यांना घर दिले, हाताला काम दिले. या थोर माणसांचे ऋण मोठेच. पण आश्रमात पोचणारे थोडे आणि गावात चट्टा लपवून बसणारे पुष्कळ, हेही तितकेच खरे.

या पुष्कळांचा विचार १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने केला. डॉ. वारदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याची वाट पाहत बसण्याऐवजी घरोघर जाऊन तपासणी केली, लोकांना समजावले आणि गावाजवळ औषध दिले. डॅप्सोनची गोळी स्वस्त होती, पण ती वर्षानुवर्षे घ्यावी लागे. बधिर चट्टा दुखत नाही, ही त्या रोगाची मोठी खोड. दुखत नाही म्हणून माणूस औषध सोडतो. म्हणून गोळीइतकेच महत्त्व त्या कार्यकर्त्याच्या वहीला होते, जिच्यात कोण आला नाही हे लिहिलेले असे. १९५५ साली सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करताना हीच वाट धरली. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली आणि ती पद्धत आधी राबवणाऱ्या जिल्ह्यांत आमचा शेजारी वर्धा होता. २००५ च्या अखेरीस देशातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले. रोग मात्र संपलेला नाही. नवे रोगी अजून सापडतात.

आता रक्तदाब आणि मधुमेह पाहा. १ जुलै १९९८ रोजी वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला. २०१० साली केंद्राने या रोगांसाठी कार्यक्रम आखला, तेव्हा आरंभीच्या शंभर जिल्ह्यांत वाशीम होता. हीही दुखणी मुकीच. पक्षाघात येईपर्यंत किंवा मूत्रपिंड थकेपर्यंत त्यांचा आवाज येत नाही. मात्र कुष्ठाचे औषध आज सहा महिन्यांत किंवा वर्षात संपते, रक्तदाबाचे बहुधा जन्मभर संपत नाही. इथे जुनी वही अधिकच लागते. २०१७-१८ मध्ये वर्धा, भंडारा इत्यादी जिल्ह्यांत जो रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्याने साधा ठरलेला औषधक्रम, पुरेसा साठा, रोग्याजवळ कार्ड आणि न आलेल्याचा शोध यांवर भर दिला. वारदेकरांच्या माणसांना यात नवे असे फारसे वाटले नसते.

आम्हांला अडचण दिसते ती सोयाबीनच्या सोंगणीत. रिसोड किंवा मानोऱ्याकडची मजूर बाई त्या दिवसांत गोळीसाठी रोज बुडवील, अशी अपेक्षा करणे हा निर्दयपणा आहे. तिच्या गावच्या उपकेंद्रात गोळ्या असतील आणि एका भेटीत दोन महिन्यांच्या मिळतील, तर तिचा खाडा होणार नाही. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या तिच्या मुलाचे नाव मात्र इथल्या वहीत 'आला नाही' म्हणून राहते. तिथल्या दवाखान्याने त्याचे इथले कार्ड पाहून औषध चालू ठेवले, तरच ती नोंद पुरी होईल.