अंधारांत बसावयास शिकविणारा वैद्य

१८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील व्युर्त्सबुर्ग येथें राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, ही हकीकत आपणां श्रोत्यांस ठाऊकच असेल. शोध लावणाऱ्याची कीर्ति दिगंत पसरते. त्या शोधाची विद्या घडवून ती चार जणांस शिकविणारा मात्र मागें राहतो. पॅरिसचे डॉ. आंत्वान बेक्लेअर हे अशांपैकींच एक होत.

त्यांचा जन्म १८५६ चा. क्ष-किरण आले तेव्हां ते चाळिशीला टेकलेले, नांवाजलेले वैद्य होते; देवीच्या लशीनें रक्तांत येणाऱ्या प्रतिकारशक्तीवर त्यांनीं संशोधन केलें होतें. त्या वयांत त्यांनीं नवी वाट धरली. १८९७ सालीं तेनाँ रुग्णालयांत त्यांनीं पदरमोड करून क्ष-किरणांचीं यंत्रें बसविलीं आणि त्याच वर्षीं इतर वैद्यांस शिकविण्यास आरंभ केला. हा गृहस्थ वैद्यकी सोडून छायाचित्रकार झाला, अशी टीका व्यवसायबंधूंकडून झाली. टीकाकारांना उत्तर देण्यापेक्षां शिष्य तयार करणें त्यांना अधिक पसंत पडलें असावें.

ते शिकवीत असलेली एक गोष्ट दिसावयास अगदीं साधी आहे. क्ष-किरण शरीरांतून पार होऊन पडद्यावर पडले कीं पडदा उजळतो. पण तो उजेड फार मंद असतो. उन्हांतून माजघरांत शिरल्यावर आपणांस घटकाभर कांहींच दिसत नाहीं, तीच गत त्या खोलींत वैद्याची होई. मंद प्रकाश ओळखणारा नेत्रपटलाचा भाग जागा होण्यास वेळ लागतो. १८९९ सालीं बेक्लेअर यांनीं हें शास्त्रोक्त मांडलें: परीक्षेपूर्वीं वैद्यानें अंधारांत स्वस्थ बसावें, मगच पडद्याकडे पाहावें. ज्याला धीर नाहीं त्याला किरणांचा जोर वाढविण्याचा मोह होणारच. आणि त्याचें मोल रोग्याच्या व स्वतःच्याही कातडीनें द्यावें लागतें. पुढें १९१६ सालीं जर्मनींत लाल कांचांचा चष्मा निघाला व अंधारकोठडींतली ती बैठक पुष्कळशी टळली. १९५० नंतर प्रतिमा उजळविणारीं यंत्रें आलीं, तेव्हां चष्माही गेला.

पहिल्या महायुद्धांत त्यांनीं लष्करी वैद्यांना हें शास्त्र शिकविलें. शरीरपरीक्षेचे पहिले धडे मादाम क्यूरींनींही त्यांच्याकडूनच घेतले, आणि त्या बाईंनीं पुढें सुमारें वीस मोटारगाड्या व दोनशें ठाणीं क्ष-किरणांनीं सज्ज केलीं!

परंतु सर्वांनाच वेळेवर असा गुरु लाभला नाहीं. व्हिएन्नाचे होल्ट्स्क्नेश्ट हेही मोठे शिक्षक, बेक्लेअरांहून सोळा वर्षांनीं लहान. किरणांनीं पोळलेल्या हातावर वारंवार शस्त्रक्रिया होऊन ते १९३१ सालीं वारले. १९३६ च्या एप्रिलांत हँबुर्ग येथें अशा मृतांचें स्मारक उभारलें गेलें. शिळेवर १६९ नांवें होतीं. त्या समारंभांत बोलावयास उभे राहिले ते ऐंशी वर्षांचे बेक्लेअर. तीन वर्षांनीं पॅरिसांत त्यांचा अंत झाला. यादी मात्र तेथें थांबली नाहीं. १९५९ पर्यंत ती साडेतीनशेंच्या वर गेली होती.