परसबागेतील सहचर लागवड

एकमेकांना उपकारक ठरणाऱ्या वनस्पती शेजारी शेजारी लावण्याच्या पद्धतीस सहचर लागवड असे म्हणतात. परसबागेत भाज्यांच्या वाफ्यांमध्ये कोथिंबीर, शेपू, बडीशेप, तुळस, पुदिना अशा सुगंधी वनस्पती लावणे हा तिचा एक प्रचलित प्रकार होय. परसबागेतील भाजी तोडल्यावर थेट स्वयंपाकघरात जात असल्याने, रासायनिक कीटकनाशकांविना किडींना आवर घालणे हा या पद्धतीचा मुख्य हेतू असतो.

किडींवरील परिणाम

उग्र वासामुळे किडी दूर पळतात, असा सर्वसाधारण समज आहे. स्टॅन फिंच व रोझमेरी कॉलियर या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञांनी २००० साली याहून वेगळे स्पष्टीकरण मांडले. त्यांच्या मते, कोबीवर्गीय पिकांवरील किडी कोणत्याही हिरव्या पृष्ठभागावर उतरतात. भोवती मोकळी माती असल्यास त्या नेमक्या पिकावरच येतात. इतर हिरवी झाडे असल्यास त्या भलत्याच पानांवर उतरतात आणि पुष्कळदा अंडी न घालताच निघून जातात.

कोथिंबीर, शेपू व बडीशेप या एकाच कुळातील वनस्पतींचा फुलोरा छत्रीसारखा असून फुले लहान व उथळ असतात. त्यांतील मधुरस सिरफिड माश्यांना व परोपजीवी गांधीलमाश्यांना सहज मिळतो. सिरफिड माश्यांच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. म्हणून कोथिंबिरीची सर्व झाडे न उपटता काही फुलण्यासाठी राखणे हितकारक ठरते.

लागवड

टोमॅटोच्या रोपांमधील मोकळ्या जागेत धणे रगडून पेरता येतात. कोथिंबीर साधारणतः ४० ते ४५ दिवसांत काढणीस येते. त्यानंतर ती जागा टोमॅटोच्या वाढीस मिळते. पुदिना आडव्या खोडांनी वेगाने पसरून वाफा व्यापतो, त्यामुळे तो कुंडीत लावून वाफ्याजवळ ठेवणे सोयीचे असते.

मर्यादा

दाट लागवडीत झाडांमध्ये पाणी, ऊन व अन्नद्रव्ये यांसाठी स्पर्धा होते. झेंडूच्या मुळांतील द्रव्य मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक असते. तथापि कडेला लावलेल्या दोन-चार झाडांनी संपूर्ण वाफ्याचे रक्षण होत नाही. त्यासाठी भाजी लावण्यापूर्वी त्याच वाफ्यात झेंडू दाट वाढवावा लागतो. वनस्पतींच्या ‘मित्र’ व ‘शत्रू’ जोड्यांच्या प्रचलित याद्यांतील अनेक जोड्यांना प्रयोगांचा आधार नाही.