व्हिडेलिया कांदा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया राज्यात पिकणारा गोड कांदा. १९३१ मध्ये टूम्स परगण्यातील मोझेस कोलमन या शेतकऱ्यास आपला कांदा तिखट नसल्याचे आढळले. तेथील रेताड जमिनीत गंधक अल्प असल्याने तिखटपणा आणणारी संयुगे कांद्यात कमी तयार होतात. व्हिडेलिया गावच्या बाजारावरून पडलेले हे नाव १९८६ च्या राज्य कायद्याने ठराविक परगण्यांपुरते राखून ठेवण्यात आले. रोपे हिवाळ्याच्या आरंभी लावून कांदे वसंतात, माना पडल्यावर काढतात. मात्र पाण्याचा अंश अधिक असल्याने हा कांदा लवकर सडतो. म्हणून परसबागेतील कांदे सुकवून नायलॉनच्या लांब मोज्यांत, प्रत्येकानंतर गाठ मारून, हवेशीर जागी टांगण्याची घरगुती रीत पडली. व्यापारी साठवण १९९० पासून सफरचंदांप्रमाणे नियंत्रित वातावरणात होऊ लागली व वसंतातील हे पीक पुढे अनेक महिने मिळू लागले.