पीडीएफ दस्तऐवज : संपादन व शोध

पीडीएफ हा अडोबी कंपनीने 1993 मध्ये आणलेला आणि 2008 पासून आयएसओ 32000 या आंतरराष्ट्रीय मानकाखाली आलेला दस्तऐवज-प्रकार असून, कोणत्याही यंत्रावर पानाचे रूप तसेच राहावे, हा त्याचा मूळ हेतू आहे. त्यामुळे पाने जोडणे, वेगळी करणे, फिरवणे किंवा त्यांवर टिपा लिहिणे सोपे असते. वाक्य बदलणे मात्र कठीण, कारण फाइलमध्ये बहुधा परिच्छेद नसतात, अक्षराकृती आणि त्यांच्या जागा असतात.

शोधाचे उदाहरण घ्यायचे तर, पुण्याच्या हवेली तालुक्यातील खराडीत, जेथे शेतजमिनींवर आयटी पार्क आणि गृहसंकुले उभी राहिली, मिळकतीच्या एकाच फाइलीत सातबारा, फेरफार, खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन एकत्र येतात. स्कॅन केलेले खरेदीखत ही केवळ प्रतिमा असल्याने त्यात गट क्रमांक शोधण्यापूर्वी अक्षरओळख, म्हणजे चित्रातील अक्षरांचे मजकुरात रूपांतर, करावी लागते. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे. खरी अडचण जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांची आहे : पडद्यावर ‘मिळकत’ स्वच्छ दिसते, पण नक्कल केल्यास रोमन अक्षरे व चिन्हे उमटतात. युनिकोड फाँटातही ‘मि’ची पहिली वेलांटी ‘म’च्या आधी काढली जात असल्याने अक्षरक्रम बिघडून शोध फसू शकतो, आणि मराठी वाचकाची ही अडचण अजून पुरती दूर झालेली नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यातील मजकूर बदलल्यास स्वाक्षरीची पडताळणी होत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळी जपून प्रतीवरच काम करावे लागते.