कॉलेजच्या आधीचं हायस्कूल

अमळनेरातल्या कुठल्याही जुन्या घरी जा, चहाबरोबर दोन गोष्टी ऐकायला मिळतातच. एक, ‘आमच्या आजोबांकडे विप्रोचे शेअर होते, पण विकून टाकले.’ दुसरी, ‘आमचे आजोबा साने गुरुजींच्या वर्गात होते.’ पहिलीत हळहळ, दुसरीत अभिमान. खरंखोटं करायला कुणी जात नाही. गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षं होते आणि त्यांचे विद्यार्थी म्हणवणाऱ्या आजोबांची शिरगणती केली, तर ते एका शाळेत मावायचे नाहीत. पण गावाला काय जपून ठेवावंसं वाटतं, ते अशा गोष्टींतूनच कळतं.

माझे आबा त्या शाळेत होते, याचा पुरावा निदान घरात आहे. लोखंडी पेटीत, शेताच्या कागदांखाली त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. घड्यांवर फाटलेला, मागून खळ लावून पातळ कापड चिकटवलेला. जन्मतारीख १ जून. खेड्यातल्या पोरांच्या जन्मतारखा मास्तरच ठरवत आणि शाळा जूनमध्ये भरे, त्यामुळे त्या पिढीतला निम्मा खानदेश १ जूनलाच जन्मला. ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ असा शेरा. त्यावर आबा म्हणत, ‘‘चांगली लिव्हाले मास्तरनं काय जास?’’

आबांच्या लहानपणीचं अमळनेर म्हणजे बोरीकाठचं, सखाराम महाराजांच्या वाडीचं आणि वैशाखातल्या रथाचं गाव. त्यातच कापूस आला, ताप्ती व्हॅलीची रेल्वे आली आणि गिरणीचा भोंगा वाजू लागला. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगावकडचा भाग पूर्व खानदेश, धुळ्याकडचा पश्चिम. अमळनेर पूर्वेत आलं, तरी धुळं तिथून चाळीसेक किलोमीटरवरच. गावावर छाप होती ती मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांची. गिरणी त्यांची, शाळेला नाव त्यांचं आणि १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं तेही त्यांच्याच पैशातून.

या तत्त्वज्ञान मंदिराचं नवल आजही वाटतं. तालुक्याच्या गावात, जिथे धड कॉलेज नव्हतं, तिथे अद्वैत वेदान्तावर इंग्रजीतून चर्चा चालत. जी. आर. मलकानी इथे कितीतरी वर्षं राहिले. इथून निघणाऱ्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’चे ते संपादक होते. बौद्ध दर्शनावरच्या ग्रंथामुळे पुढे जगभर नाव झालेले टी. आर. व्ही. मूर्ती इथलेच फेलो. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा बंगाली पंडितही इथे येऊन राहून गेला. आबा सांगत, संध्याकाळी ही मंडळी फिरायला निघाली की हायस्कूलची पोरं त्यांच्या मागे चार हात अंतर ठेवून चालत. बोलणं एका अक्षराने कळत नसे, पण एवढी शिकलेली माणसं आपल्याच रस्त्यावरून चालतात याचा रुबाब वाटे.

तत्त्वज्ञ होते आणि कॉलेज नव्हतं. या दोहोंच्या मधे होतं ते हायस्कूल. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा मुंबई विद्यापीठाची. खेड्यातल्या पोराचा विद्यापीठाशी पहिला आणि बहुतेकदा शेवटचा संबंध यायचा तो त्या परीक्षेपुरता. पास झाला तर पुणं-मुंबई, पण त्याला घरची शेती आणि बापाची पत दोन्ही लागत. नाही जमलं तर तलाठी, कारकून, मास्तर. म्हणजे बहुतेकांच्या लेखी हायस्कूल हेच विद्यापीठ.

पांडुरंग सदाशिव साने हे कोकणातल्या पालगडचे तरुण एम. ए. अमळनेरला आले ते या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करायला. तिथे रमले नाहीत आणि १९२४ साली हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. थोड्याच काळात छात्रालयही त्यांच्याकडे आलं. तत्त्वचर्चा सोडून हा माणूस खेड्यातल्या पोरांमध्ये जाऊन बसला, हे मला त्या गावाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण वाटतं.

आबांच्या गोष्टी छात्रालयाच्या. गुरुजी रात्री जागून ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत आणि पोरं सकाळी ते वाचायला गर्दी करत. काल कुणी भांडण केलं, कुणी चांगला निबंध लिहिला, देशात काय चाललंय, सगळं त्यात. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही काढलं. पोरांच्या खोल्या ते स्वतः झाडत, कंदिलाच्या काचा पुसत, अंथरुणांच्या घड्या घालत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. आबा घरून कळण्याच्या भाकरी आणि लाल तिखट बांधून आणणारे, शेतकऱ्याच्या घरातले. मास्तराने आपले कपडे धुवावेत, ही गोष्ट त्यांना आधी पटलीच नाही. ‘‘लाज वाटे भाऊ,’’ ते म्हणत. ‘‘मंग आम्ही पहाटेच उठून आपापली आवराआवर कराले लागनूत.’’ छडी न उगारता लावलेली शिस्त ती हीच.

१९३० साली गुरुजींनी शाळा सोडली आणि सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेतली. आबा तेव्हा इंग्रजी सहावीत. पुढच्या गोष्टी त्यांनी पाहिलेल्या नव्हेत, ऐकलेल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती उतरवून घेणारा हात साने गुरुजींचा होता. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली. १९३६ साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं, त्यासाठी गुरुजींनी खानदेश पालथा घातला. हे सांगताना आबांचा सूर असा असे, की जणू छात्रालयाच्या दैनिकातलीच बातमी वाचून दाखवताहेत.

आबांच्या गोष्टींत आणखी एक मास्तर होते, त्यांच्याबद्दल मात्र गावात कुणीच बोलत नाही. गणिताचे. त्यांचं नाव आबांनाही धड आठवत नसे. धोतराच्या सोग्याला खडूचे डाग, हातात लाकडी पट्टी. अपूर्णांक आणि व्याज-मुद्दलाची उदाहरणं ते एकेका पोराच्या पाटीवर वाकून तपासत आणि चुकलं की तीच बेरीज पुन्हा मांडायला लावत. ओरडणं नाही की कौतुक नाही. आबा म्हणत, ‘‘गुरुजीस्नी माणूस करा, पन मॅट्रिक पास करा तो गनितना मास्तरनी.’’ पुढे आबांनी सोसायटीचे हिशेब तीस वर्षं सांभाळले, ते या मास्तरांच्या जिवावर.

१९४५ साली अमळनेरला प्रताप कॉलेज आलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. अमळनेरातल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरुवात करून तीच पुढे विप्रो झाली. १९५२ साली गावात मराठी साहित्य संमेलन भरलं आणि २०२४ साली पुन्हा, सत्त्याण्णवावं. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि खानदेशातल्या पोरांची पदवीसाठी पुण्याच्या विद्यापीठाकडे डोळे लावून बसण्याची गरज संपली. २०१८ साली त्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. ज्या बाईने शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नाही, तिच्या नावाची पदवी आज आमची पोरं घेतात.

पण आबांच्या गोष्टी पुन्हा पुन्हा आठवल्यावर वाटतं, खानदेश शिकला तो विद्यापीठाने नव्हे, हायस्कूलने. पंडितांमुळे गावाला नाव मिळालं, गिरणीमुळे पैसा, पण खेड्यातल्या पोराला मॅट्रिकपर्यंत हात धरून नेलं ते हायस्कूलच्या मास्तरांनी. त्यातल्या एकाचे पुतळे झाले, पुस्तकं निघाली, ते योग्यच झालं. बाकीच्यांची नावं शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांत आणि हजेरीपटांवर असतील-नसतील आणि ती वाचायला कुणी जात नाही. आता तर दहावी संपायच्या आत क्लासची फी भरायची घाई असते आणि शाळा फक्त दाखल्यापुरती उरते.

तेव्हा खानदेशातल्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. आजोबा गुरुजींच्या वर्गात होते की नव्हते, हा वाद सोडून द्या. घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर त्यांना गणित कुणी शिकवलं, व्याकरण कुणी घोटून घेतलं, फी भरायला पैसे नव्हते तेव्हा कोण मागे उभं राहिलं, ते विचारा आणि नाव-गाव-सालासकट लिहून काढा. त्याची एक प्रत शाळेत नेऊन द्या. एकट्या गुरुजींवर शाळा चालली नव्हती, हे खुद्द गुरुजींनीही आनंदाने मान्य केलं असतं.